गाँगच्या आधीचं दीड मिनिट

गाँगचा पहिला ठोका पडला आणि वार्सिनीनं यंत्र बंद केलं. गजानं वाजणाऱ्या रेबाबवरची ती सुरुवातीची ओळ, तिच्यामागून ढोलावरची थाप, आणि मग सगळी वाद्यं एकदम जिथं उतरतात तो मोठ्या गाँगचा ठोका. पाऊण मिनिटसुद्धा झालं नसेल. तिनं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा गाँग. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटले आणि बेंबीवर हात ठेवला, कारण 'मेगा मुलिह' या रचनेचा गाँग तिथं लागतो हे तिला चाळीस वर्षं ठाऊक होतं. बेंबीला आधी, कानाला नंतर. आज तो तिथं लागला नाही. बोटभर खाली लागला. अंधारात जिना उतरताना पाय टेकायला पायरी असावी आणि ती नेमकी थोडी खाली निघावी, तसं काहीतरी झालं. बाहेर केम्लायानच्या गल्लीत तोफूवाल्याचा भोंगा वाजला, शेजारच्या बाईनं पोराला हाक मारली, सकाळचे नऊ वाजले होते, सगळं जिथल्या तिथं होतं, आणि वार्सिनीच्या तोंडाला लोखंडाची चव आली होती.

दर शुक्रवारी सोलो शहरातल्या दैनिकात तिचं सदर येई. सदराचं नाव 'कान'. अठ्ठावीस वर्षं. गामेलान वाद्यमेळाची नवी तबकडी निघाली, जुनी नव्यानं निघाली, की ती तिच्या दारात येऊन पडे, आणि काढणारा पुढच्या शुक्रवारपर्यंत नीट झोपत नसे. सहावीतून शाळा सुटलेली बाई. कला महाविद्यालयातले मास्तर तिला भिऊन असत, कारण त्यांच्याजवळ पदव्या होत्या, हिच्याजवळ नुसते कान, आणि पदवीला ऐकू येत नाही हे ती छापून सांगे. नव्यांना ती चार ओळींत निकालात काढी. जुन्यांच्या नव्या आवृत्त्यांवर मात्र अर्धं अर्धं पान लिही. मेलेल्या वादकांच्या वतीनं कुणीतरी भांडायला हवं, असं तिचं म्हणणं. आणि भांडता भांडता शेवटी माप काढायचं ते एकच. 'मेगा मुलिह'ची ती शहात्तर सालची कॅसेट. वाजवायचं तर असं. गायचं तर न्यी कासिलाह गायली तसं. सूर असावा तर क्याई लिंतांग सोरेचा, त्या कॅसेटवर वाजलेल्या संचाचा; तो असा उजळ, जसा सकाळी घासलेला पितळी तांब्या. हे तिनं किती वेळा लिहिलं असेल? दोनशे वेळा? सोलोत आता पन्नाशीच्या आतल्या प्रत्येकाचा कान त्या कॅसेटवर वाढला होता, आणि त्यातल्या निम्म्यांना तो तिनंच धरून त्या कॅसेटकडे नेला होता.

आता तीच रचना नव्या तबकडीवर निघाली होती. दानांग नावाच्या ध्वनितंत्रज्ञानं मूळ फीत शोधून काढली होती, ज्या फितीवरून कॅसेट झाली ती, त्र्याहत्तर साली एका सरदारांच्या मंडपात ध्वनिमुद्रण झालं तेव्हाची. पाकिटात त्याची चिठ्ठी होती. 'बू वार्सिनी, वेग मी तीन यंत्रांवर तपासला. फितीवर विजेची गुणगुण उतरली आहे, तीसुद्धा जिथं हवी तिथं आहे. तरी लोक म्हणतात की मी गामेलानला झोपेच्या गोळ्या दिल्या. तुम्ही ऐका. तुम्ही म्हणाल ते मी मान्य करीन.' आठवडाभर गावात हाच विषय चालला होता. संथ आहे, जड आहे, पाण्यात बुडाल्यासारखं आहे. चिठ्ठी तिच्या हातात असतानाच फोन वाजला. संपादक वियोतो.

"बू, पोचली ना तबकडी? सोला बघू त्या दानांगला. सगळं गाव शुक्रवारची वाट बघतंय."

"मी अजून ऐकलेली नाही."

"त्यात ऐकायचं काय? माझ्या सासऱ्यांनी ऐकली. म्हणाले, रेड्याच्या गाडीतून वरात निघाल्यासारखं वाटतं."

"तुमच्या सासऱ्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, पाक वियोतो. उजव्याचं मला माहीत नाही."

तो खदखदून हसला. तो नेहमीच हसे. तिच्या शिव्यांवर त्याचा शुक्रवार चालत असे. "हे असंच लिहा," म्हणाला, "अगदी असंच," आणि फोन ठेवला. गाँग बोटभर खाली लागला होता आणि तो का लागला हे तिला ठाऊक होतं. शोधायचं काही नव्हतं. चौथ्यांदा ऐकायचं कारण नव्हतं. दानांगच्या यंत्रांची गरज नव्हती, विजेच्या गुणगुणीची तर नव्हतीच. हे जगात एकाच माणसाला माहीत होतं आणि ते माणूस केम्लायानमध्ये गार झालेल्या चहाकडे बघत बसलं होतं.

तीर्तालारस या कॅसेट कंपनीच्या मागच्या अंगाला एक खोली होती, खिडकी नसलेली, भिंतींना नारळाच्या काथ्याचे पट्टे लावलेली. त्या खोलीत एकोणीस वर्षांची वार्सिनी डोक्याला हेडफोन लावून बसे. पन्नास कॅसेटींतली एक उचलायची, सुरुवातीचं मिनिट, मधलं मिनिट, शेवटचं मिनिट ऐकायचं, बरोबर असेल तर हिरवी टिकली. काथ्याचा वास, तापलेल्या फितीचा वास, आणि कानांवर दिवसभर घट्ट बसलेलं ते रबर. घरी गेल्यावरही डोक्याभोवती कुणीतरी हात आवळून धरल्यासारखं वाटे. तिला कुणी काही शिकवलं नाही. शिकवायला तिथं कुणी येतच नसे. हिरव्या टिकल्या लावता लावता तिला रेबाबचा आडवा हात कळला, ढोलकऱ्याची पुढची चाल आधीच ऐकू यायला लागली, कोणता वादक बिडी ओढून बसलाय आणि कोणाचं घरी भांडण झालंय हेसुद्धा ती सांगे. आणि मग तो दिवस. 'मेगा मुलिह' साडेएकतीस मिनिटांची. कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. दुसऱ्या बाजूला दुसरी रचना बसून गेलेली, वेष्टनं छापून आलेली, नव्वद मिनिटांची फीत पातळ, यंत्रात गुंतायची. व्यवस्थापक मुर्योनो घाम पुसत फेऱ्या मारत होते. "दीड मिनिट कापा कुठूनतरी!" पण कापणार कुठून? मधून कापलं तर आवर्तन मोडतं. शेवट कापला तर गाँग जातो. आणि गाँग न पडता रचना सोडणं म्हणजे पाहुण्याला भरल्या ताटावरून उठवणं. तसं कुणी करत नाही, वैऱ्याच्या घरीसुद्धा करत नाहीत. वादकांचा म्होरक्या निरोप पाठवून मोकळा झाला होता, की गाँगाशिवाय काढणार असाल तर आमची नावं काढून टाका. तेव्हा ही पोरगी उठली. नक्कल करायच्या यंत्रावर वेगाची एक काळी कळ होती, तिला कुणी कधी हात लावत नसे. हिनं ती नखाएवढी फिरवली. फीत जरा पळाली. तीस मिनिटांत 'मेगा मुलिह' बसली, गाँगासकट. सूर थोडा चढला; पण सूर चढला हे कळणार कुणाला? पियानो म्हणे जगभर एकाच सुरात वाजतो, तिथं ही चोरी पहिल्या पट्टीलाच पकडली गेली असती. इकडे प्रत्येक गामेलानचा सूर त्याचा स्वतःचा, ओतणाऱ्याच्या भट्टीतून जसा येतो तसा. दोन संच एकमेकांशी जुळत नाहीत आणि कुणी जुळवायला जात नाही. एखादा चढा वाजला तर तो चढाच असेल. मुर्योनोंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "ही पोरगी तुमच्या सगळ्यांपेक्षा हुशार आहे!" खोलीतले पुरुष हसले. तिला आयुष्यात कुणी हुशार म्हटल्याची ती पहिली वेळ.

आणि ती कॅसेट खपली कशी! उजळ, तरतरीत, कासिलाहचा आवाज विशीतल्या पोरीसारखा टवटवीत. मग मुर्योनोंनी आणखी अकरा कॅसेटींना ती कळ फिरवायला लावली, तिथं तर वेळेची अडचणही नव्हती. वार्सिनीनं फिरवली. अकरांची नावं तिला पाठ होती. ती कधी विसरली नव्हती, हेच तर वाईट होतं. विसरलेल्या माणसाला एक दिवस आठवतं, तो दचकतो, लोक त्याला समजून घेतात. हिनं विसरणं कधी केलंच नाही. ती गोष्ट तिनं घरातल्या कपाटावरच्या पेटीसारखी ठेवून दिली, रोज दिसेल अशी आणि रोज न बघता.

दुपार झाली तरी ती उठली नाही. सुटका हवी असेल तर वाटा होत्या. नवी आवृत्ती अचूक आहे, जुन्या कॅसेटचा वेग कदाचित यंत्राच्या दोषामुळे वाढला असावा; एवढं लिहिलं तरी दानांग सुटत होता, खोटं काही ठरत नव्हतं. 'यंत्राच्या दोषामुळे'. तिनं हे शब्द मनात दोनदा म्हणून पाहिले. दुसऱ्या कुणी असं लिहिलं असतं तर तिनं त्याला कानाला धरून चौकात आणलं असतं. कोण यंत्र? कुणाचा हात? नाव काय त्या हाताचं? अठ्ठावीस वर्षं ती हेच तर विचारत आली होती, वेष्टनावर गायिकेचं नाव न छापणाऱ्यांना, वादकांना 'आणि मंडळी' म्हणणाऱ्यांना. रागानं तिचे कान तापले. राग दुसऱ्यावर काढायची सवय जुनी. आज तो घरातल्या घरात फिरत राहिला, बाहेरचं दार त्याला सापडेना. शेवटी ती उठली, पिशवीत हातातलं यंत्र आणि तबकडी टाकली, छत्री घेतली. लिहायचं हे ठरलं होतं. ते सकाळीच ठरलं होतं, तोंडाला लोखंडाची चव आली तेव्हा. पण लिहायच्या आधी दोघांना विचारायचं होतं.

पहिला गाँग. क्याई लिंतांग सोरे अजून त्याच सरदारांच्या मंडपात होता, चुनखडीच्या खांबांत, जिथं त्र्याहत्तर साली ध्वनिमुद्रण झालं. राखणदार जिमाननं खापरासारखा जाड झालेला पाय चटईवरून काढला आणि उठून उभा राहिला. तिला ओळखून त्याचा चेहरा पडला.

"बू, आता काय चुकलं आमचं?"

"तुमचं काही नाही. गाँग वाजवू का एकदा?"

"त्यांनाच विचारा," जिमान म्हणाला. गाँगपुढे कालच्या फुलांची ताटली होती. वार्सिनी गुडघ्यांवर बसली, दोन्ही तळवे जोडून कपाळाशी नेले, त्या पूज्य क्याईंना मनात काय सांगितलं ते तिचं तिला ठाऊक. मग एका कानात तबकडीचा गाँग लावून ठेवला, आणि गुबगुबीत टोल्यानं खऱ्या गाँगला ठोका दिला. दोन्ही आवाज तिच्या डोक्यात मधोमध येऊन भेटले आणि एक झाले. शिवण दिसली नाही. तो कंप बराच वेळ चालला, येई आणि जाई, येई आणि जाई, कुणीतरी मोठं माणूस झोपेत श्वास घेतंय तसा. ती त्याच्या छातीवर कान ठेवून बसल्यासारखी बसली. मग तिनं पट्ट्यांची वाद्यं बघितली. एक पट्टी वाजवली. ही गाँगशी भांडत होती. चढी होती. कॅसेटइतकी चढी, अगदी तंतोतंत. तिनं पट्टी उलटी केली. टोकांना कानसीचे ओरखडे होते, जुने, काळे पडलेले.

"जिमान, या घासल्या कधी?"

"नव्वद साली. लोक यायचे आणि म्हणायचे, कॅसेटसारखं वाजत नाही, हा तो संच नव्हेच. थोरले मालक चिडले. घासणारा आणला, त्याच्यापुढे कॅसेट लावली आणि म्हणाले, असं वाजलं पाहिजे. टोकं घासली की सूर चढतो म्हणे. महिनाभर घासत होता बिचारा."

"आणि गाँग?"

"गाँगला कोण हात लावणार? क्याई आहेत ते. फुटले म्हणजे?" जिमाननं खाली बघितलं. "नंतर तुम्हीच लिहिलं होतं की. लिंतांग सोरेचा गाँग म्हातारा झाला, बेसूर झाला, बदला. थोरल्या मालकांनी ते वाचलं आणि आठ दिवस इकडे फिरकले नाहीत."

तिला ते लिहिलेलं आठवत नव्हतं. लिहिलं असणारच. सगळा संच तिच्या नखाएवढ्या कळीमागे चढून गेला होता आणि एकटा गाँग जागेवर उभा राहिला, म्हणून तिनं त्यालाच बेसूर ठरवलं होतं. काशाचा, दोनशे वर्षं तिथं टांगलेला. ती पुन्हा त्याच्यापुढे बसली. तळवे जोडले. या वेळी जरा जास्त वेळ.

दुसरं माणूस क्लातेनच्या पुढे राहत होतं. बुधवारी सकाळी बसमध्ये खिडकीशी बसून ती उसाच्या मळ्यांकडे बघत राहिली, आणि तिला दिसत होता अठ्ठ्याऐंशी सालचा एक लग्नाचा मांडव. दुपारची वेळ. न्यी कासिलाह, पन्नाशीची, हिरव्या रेशमात, पाय दुमडून, एक हात मांडीवर उताणा. 'मेगा मुलिह' सुरू झाली. वार्सिनी दैनिकाच्या वतीनं पहिल्यांदाच बसली होती, कोरी वही, नवी चप्पल. आणि कासिलाहनं पहिली ओळ घेतली, नेहमीसारखी मागून, सगळे पोचल्यावर सावकाश पोचणारी. आवाज खाली होता. भरलेला, गोल, मातीच्या माठासारखा गार. मांडवात कुजबुज झाली. ही ती नव्हे. बसला आवाज. आणि त्या कुजबुजीत वार्सिनीच्या डोक्यात एक गोष्ट चमकून गेली, वीज जाते तेवढीच. की हा आवाज बसलेला नाही, हा असाच आहे, हा आधीपासून असाच होता, आणि वर ओढला होता तो मी. पूर्ण कळलं. एका श्वासात. पुढच्या श्वासात तिनं ते गिळलं आणि वहीत लिहिलं: 'न्यी कासिलाह यांचा आवाज खाली बसला आहे. जिला ऐकत आम्ही वाढलो ती बाई आज मांडवात नव्हती.' दोन वाक्यं. त्या दोन वाक्यांवर वियोतोच्या आधीच्या संपादकानं तिला सदर दिलं. असं परखड लिहिणारं आपल्याकडे कुणी नाही, म्हणाला. परखड! बसचा वाहक ओरडला, कुणीतरी कोंबडी घेऊन चढलं, तिनं मांडीवरची पिशवी छातीशी धरली.

कासिलाह अंगणात भाताचे पापड वाळत घालत होती. बांबूच्या चार ताटल्या, त्यांवर पांढरे चौकोन. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पाठ अजून ताठ, तोंडात दात थोडे. वार्सिनी अंगणाच्या कडेला थांबली.

"म्बाह, मी वार्सिनी. सोलोहून आले."

"कोण? ती कानवाली?" म्हातारीनं मान वर केली नाही. "मेले नाही ग मी अजून. मेल्यावर लिहायचं आत्ताच विचारायला आलीस? लांबून आलीस, बस. तो पापड मोडू नकोस."

वार्सिनी ओट्यावर बसली. वाटेत जुळवलेली वाक्यं एकही जागेवर नव्हती. तिनं यंत्र काढलं. "एक ऐकायचं होतं तुम्हाला. जुनंच आहे, नव्यानं काढलंय."

"'मेगा मुलिह' असेल. नको. नातीच्या लग्नात लावली होती, मी मागच्या दारानं गेले."

"ही ती नव्हे," वार्सिनी म्हणाली. आणि लावली. रेबाब, थाप, गाँग. कासिलाहचे हात पापड उलटत राहिले. मग आवाज आला. पस्तिशीतल्या बाईचा, भरलेला, गोल, घाई नसलेला. एक पापड हातातच राहिला. म्हातारीची हनुवटी नकळत जरा वर गेली, गळ्याच्या सैल कातडीखाली काहीतरी हललं, श्वास तबकडीतल्या बाईनं जिथं घेतला तिथंच तिनं घेतला. चार ओळी झाल्या. तिनं बोट उचललं. वार्सिनीनं बंद केलं.

"ही मी आहे," कासिलाह म्हणाली.

"हो."

"मग ती कॅसेटवाली कोण होती?"

वार्सिनीनं सांगितलं. कळ, दीड मिनिट, नखाएवढं. आडपडदा ठेवला नाही, गती वाढली म्हणजे आवाज कसा चढतो तेही सांगितलं. म्हातारी ऐकत होती, हातातला पापड बोटांत चुरत होता, तिला कळत नव्हतं. "चाळीस वर्षं," ती म्हणाली, "मी त्या बाईचा हेवा केला. सगळे म्हणायचे, कासिलाह, तसं गा ना, कॅसेटसारखं. मी म्हणायचे, अरे, ती मी नव्हेच. लोकांना वाटायचं विनय करते. मग तू लिहिलंस. मग तर बोलावणारे आधीच सांगायला लागले, वरच्या सुरात गाणार असाल तर या. दोन वर्षं ओढला गळा. सकाळी उठून आरशापुढे ओढायचे, आणि थुंकीत लाल यायचं. नवरा म्हणाला, बाई ग, म्हातारपण सगळ्यांनाच येतं. बावन्नाव्या वर्षी थांबले." तिनं चुरा ताटलीबाहेर झटकला, कोंबड्या धावल्या. "तुला कधी कळलं हे?"

परवा, म्हणता आलं असतं. परवा सकाळी नऊ वाजता. तेही एका अर्थी खरंच होतं, आणि ते सांगून चहा पिऊन परतता आलं असतं. "तिथंच," वार्सिनी म्हणाली. "अठ्ठ्याऐंशी साली. तुम्ही पहिली ओळ घेतलीत तेव्हाच मला कळलं. कळलं आणि मग लिहिलं."

कोंबड्या चुरा टिपत राहिल्या. कासिलाहनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं, ढगाळलेल्या डोळ्यांनी. वार्सिनी पुढे वाकली, दोन्ही हात पुढे केले, तोंड उघडलं.

"थांब, न्दुक," म्हातारी म्हणाली, लेकीला म्हणतात तसं, पण त्यात माया नव्हती. "माफी मागू नकोस. तू मागितलीस की मला 'असू दे ग' म्हणावं लागेल. आपल्यात तशी रीत आहे. आणि मला म्हणायचं नाहीये."

वार्सिनीनं हात मागे घेतले.

"लिहिणार आहेस?"

"हो. शुक्रवारी."

"माझं नाव लिहिलं होतंस तेव्हा किती मोठ्या अक्षरात होतं, आठवतं? माझ्याजवळ कात्रण आहे. तेवढ्याच मोठ्या अक्षरात तुझं लिही." तिनं पुढची ताटली ओढली. "आणि पुरी ऐकलीस का ही?"

"नाही, म्बाह. पहिल्या गाँगलाच थांबवली."

"मग काय परीक्षण करणार, कपाळ? आधी शेवटपर्यंत ऐक. आणि जाताना पापड घेऊन जा, मोडलेले."

परतीच्या बसमध्ये वियोतोचा फोन आला. "बू, मथळा सांगून ठेवता का?"

"मथळा उद्या. मला जागा बदलून हवी. पान तीन, डावीकडे वर, चौकटीत. अठ्ठ्याऐंशी साली जिथं माझं पहिलं आलं तिथं."

"तिथं मोटारसायकलची जाहिरात आहे हो."

"उठवा ती."

"एवढं काय सोलणार आहात त्या दानांगला?"

"त्याला नाही," ती म्हणाली. "मला. आणि आधीच सांगते, यानंतर माझ्या कानावर कुणी विश्वास ठेवणार नाही, तुम्हीसुद्धा. ठेवू नका. पण हा शुक्रवार माझा आहे, आणि तुम्ही छापलं नाहीत तर मी चौकात कागद वाटीन."

पलीकडे या वेळी हसू आलं नाही. वियोतो म्हणाला, "किती शब्द?" आणि तिनं सांगितलं, अकरा कॅसेटींची नावंही टाकायची आहेत, त्या हिशेबानं धरा.

गुरुवारी सकाळी तिनं दार लावून घेतलं, टेबलावर कोरे कागद ठेवले, कागदांशेजारी घड्याळ, आणि 'मेगा मुलिह' पहिल्यापासून लावली. या वेळी गाँग बोटभर खाली लागला तेव्हा तिनं त्याला तिथं लागू दिलं. आवर्तनामागून आवर्तन गेलं. जे जड वाटत होतं ते जड नव्हतं, त्याला जागा होती. दोन ठोक्यांच्या मध्ये वादक श्वास घेत होते हे तिला इतक्या वर्षांत कधी ऐकू आलं नव्हतं, कारण तो श्वास तिनंच काढून घेतला होता. तो बिडीवाला वादक, तो घरी भांडून आलेला. सगळे जरा वयानं मोठे झाले होते, शहाणे. कासिलाह मागून येत होती, सगळे पोचल्यावर. घड्याळात तीस मिनिटं झाली आणि वार्सिनीचा हात आपोआप बेंबीवर गेला. कॅसेटवर इथं शेवटचा गाँग पडे, त्याचा कंप पुरा व्हायच्या आत फीत संपे आणि यंत्राचं बटण खाडकन वर उडे. तिच्या खांद्यांनी तो खटका ऐकायची तयारी करून ठेवली होती. खटका आला नाही. गाणं अजून चाललं होतं. ढोलकऱ्यानं लय उतरवायला घेतली, एकेक पायरी, थकलेल्या माणसाला धरून घरी न्यावं तशी, आणि कासिलाहनं शेवटची ओळ उचलली, तिला कुठंच जायचं नव्हतं, आणि वार्सिनी गुडघ्यांवर हात दाबून बसली, कारण हे दीड मिनिट तिनं एका बाईच्या गळ्यातून काढलं होतं आणि ते आता एक एक क्षणानं तिच्यापुढे परत ठेवलं जात होतं, आणि तिला उठता येणार नव्हतं. साठ सेकंद. सत्तर. ऐंशी. मग सगळे थांबले, कुणीतरी थांबून राहिलं, आणि गाँग पडला.

तो पुरा विरेपर्यंत ती हलली नाही. मग तिनं कागद ओढला आणि पहिलं वाक्य लिहिलं: 'शहात्तर साली वेगाची कळ मी फिरवली, अठ्ठ्याऐंशी साली ते मला माहीत होतं, माझं नाव वार्सिनी.' नावाखाली तिनं जुळाऱ्यासाठी सूचना लिहिली, की अक्षर एवढं मोठं हवं, आणि कात्रण आठवून बोटानं माप दाखवल्यासारखी एक रेघ ओढली.